उतारा : वर्ड फायलींची विकी पानं करणाऱ्या साधनाच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५

नागपूरच्या काटोल रोडवर संत्रा बागायतदारांच्या एका गटाचं छोटंसं कार्यालय आहे. सल्लापत्रकं, फवारणीची वेळापत्रकं, बैठकांची इतिवृत्तं, रोपवाटिकांच्या भेटींचे अहवाल असं बरंच काही तिथं वर्षानुवर्षं वर्डमध्ये टाइप होत गेलं. सगळं एका जुन्या सीपीयूत आणि काही पेनड्राइव्हमध्ये पडलंय. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन २' ही नावं आहेतच. गटाला हे विकीवर, म्हणजे सगळ्यांना वाचता-बदलता येणाऱ्या पानांच्या संकेतस्थळावर, हवंय. बागेत उभं राहून मोबाइलवर शोधता आलं पाहिजे आणि चुकलेलं गटातल्या कोणालाही दुरुस्त करता आलं पाहिजे. मुदतही त्यांनीच घातली : मृगाच्या आधी. मृग बहार धरणारे सध्या बागांचं पाणी तोडून, त्या ताणावर सोडून बसलेत. पाऊस लागला की खत-फवारणीची घाई सुरू होते, मग कोणाला वेळ नसतो.

विकी म्हणून डोकुविकी ठरवलं. २००४ पासून आहे, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकूर फाइल. गटाकडे सर्व्हर सांभाळणारं कोणी नाही. फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला, एवढं त्यांना जमेल आणि तेवढं पुरेसं आहे.

मुख्य रूपांतर पँडॉक करेल. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे साधन. वर्डची फाइल वाचणं आणि डोकुविकीत लिहिणं या दोन्ही सोयी त्यात आयत्या आहेत. मग आम्ही नवीन काय लिहिणार, असं वाटत होतं. पहिलीच फाइल टाकली, क्षणात पान तयार झालं आणि त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. फाइल कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली.

साधनाचं नाव 'उतारा'. पायथॉन भाषेत लिहिलेलं. दोन उपआदेश : 'तपासा' आणि 'उतरवा'. 'तपासा' काहीही बदलत नाही, फक्त काय आढळलं ते सांगतो.

९ एप्रिल

जुन्या डॉक फायली पँडॉक वाचतच नाही. २००७ च्या आधीचा तो बंद डब्यासारखा बायनरी प्रकार आहे. आधी लिब्रेऑफिस (वर्डसारखाच एक मोफत प्रोग्राम) बिनखिडकीचं चालवून त्यांच्या नव्या प्रकारच्या, डॉक्सएक्स फायली करून घ्यायच्या. एक खोच लक्षात ठेवायची : त्याच मशीनवर कोणी लिब्रेऑफिस उघडून बसलं असेल तर मागून चालणारं रूपांतर काहीच न करता परत येतं, वर धड तक्रारही करत नाही. 'उतारा' आता प्रत्येक वेळी स्वतःचं वेगळं प्रोफाइल फोल्डर देतो आणि काम झाल्यावर फाइल खरंच तयार झाली का, हे बघतो. दुसऱ्या प्रोग्रामच्या 'झालं' या उत्तरावर विसंबायचं नाही.

१२ एप्रिल

आजचा दिवस 'विदर्भ' या एका शब्दावर गेला.

कृतीदेव हा फॉन्ट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या पद्धतीचा. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. 'नागपूर' म्हणजे फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. इथपर्यंत सोपं आहे : तक्ता करा, एकेक अक्षर बदला. पण 'विदर्भ' साठवला जातो तो असा : एफ, ओ, एन, कॅपिटल एच, के, कॅपिटल झेड. एफ म्हणजे पहिली वेलांटी आणि ती 'व'च्या आधी येते, कारण टाइपरायटरवर ती आधी मारायची. झेड म्हणजे रफार, तो 'भ'च्या नंतर येतो, कारण तो वरून शेवटी चढवायचा. युनिकोडमध्ये दोन्हींचं उलट : वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा 'र्' व्यंजनाच्या आधी. म्हणजे नुसता तक्ता पुरत नाही, अक्षरं हलवावी लागतात.

आणि वेलांटी किती पुढे न्यायची? एकच घर नेली तर 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. हे ध्यान आपण सगळ्यांनी इंटरनेटवर पाहिलंय, ते याच घाईतून आलेलं. वेलांटी अर्ध्या अक्षरांवरून उडी मारून पहिल्या पूर्ण व्यंजनापर्यंत गेली पाहिजे. रफार मागे नेताना तसंच : वाटेत काना-मात्रा लागली तर तीही ओलांडून अख्ख्या जोडाक्षराच्या आधी.

तपासणीला शब्दकोश लावण्याआधी दोन फुकटचे नियम लावले. शब्द काना-मात्रेने सुरू होत असेल तर नक्की गडबड. हलन्तानंतर लगेच मात्रा आली तरी नक्की गडबड. कुठलाही शब्दकोश न बघता एवढ्यावरच बरीच घाण वर आली.

अहवाल टर्मिनलवर, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, छापत होतो, ते बंद केलं. तिथं मात्रा अक्षरापासून सुटून पडतात, आणि चूक आमच्या रूपांतराची की टर्मिनलची, हेच समजत नाही. आता अहवाल ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल म्हणून निघतो.

१५ एप्रिल

पँडॉक फॉन्टची माहिती टाकून देतं. त्याचं बरोबर आहे, त्याला आशयाशी मतलब. पण आमच्याकडे फॉन्ट गेला की मराठी गेली. म्हणून क्रम ठरला : डॉक्सएक्स ही मुळात झिप फाइल, ती उघडायची, आतल्या एक्सएमएलमध्ये कृतीदेवचा मजकूर युनिकोड करायचा, पुन्हा झिप करायची, मग पँडॉककडे.

आतमध्ये वर्ड एकच शब्द वाटेल तिथं तोडून ठेवतं. मध्येच कर्सर नेऊन काही दुरुस्त केलं, स्पेलिंग तपासणीने खूण केली, की शब्दाचे दोन-तीन तुकडे. वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं व्यंजन दुसऱ्यात, हे सर्रास. त्यामुळे शेजारचे एकाच फॉन्टचे तुकडे आधी जोडायचे, मग बदलायचे.

फॉन्टचं नाव तुकड्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. ते परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये असू शकतं, ती स्टाइल दुसऱ्या स्टाइलवर आधारलेली, ती आणखी तिसरीवर, आणि शेवटी फाइलचा मूळ डीफॉल्ट. ही साखळी शेवटपर्यंत चढत जाणं हा 'उतारा'तला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. सगळ्यात जास्त उपयोगाचाही तोच.

१८ एप्रिल

कार्यालयातला कूलर पाणी संपल्यावर गरम हवा फेकत होता, लाइट दोनदा गेली. जुना सीपीयू चालू ठेवण्यात अर्थ नाही. सगळ्या फायलींची प्रत करून घेतली, आता काम घरूनच.

२२ एप्रिल

शीर्षकं. एकाही फाइलमध्ये वर्डची 'हेडिंग' स्टाइल वापरलेली नाही. विकीला मात्र शीर्षकं लागतात, कारण अनुक्रमणिका त्यावरून बनते आणि मोबाइलवर लांब पानात अनुक्रमणिकेशिवाय काही सापडत नाही.

यातल्या बऱ्याच फायली नागपूरच्या महाल भागातल्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप झाल्या. दुकानवाल्या ताईंकडे गेलो, त्यांना विचारलं. "हेडिंग म्हणजे वेगळं काय असते भाऊ? ठळक केलं, मोठं केलं, मधात आणलं, झालं ना! छापून आलं तं हेडिंगच दिसते." बरोबरच आहे की. काम छपाईचं होतं आणि कागदाला रचना नुसती दिसली तरी चालते. शिवाय ताईंची एक शिस्त आहे, ती दहा फायली शेजारी ठेवल्यावर दिसली : मुख्य मथळा कायम १८ पॉइंट, पोटमथळा १४, आणि तक्त्याच्या वरची ओळ अधोरेखित. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलं फार कमी.

तेव्हा अंदाज असा : अख्खा परिच्छेद ठळक, आकार मजकुरापेक्षा मोठा, एका ओळीत मावणारा आणि शेवटी पूर्णविराम नाही, तर शीर्षक. आकार फाइलमध्ये अर्ध्या पॉइंटांत लिहिलेला असतो, १४ पॉइंट म्हणजे २८. आणि वर्डमध्ये ठळकपणाच्या दोन वेगळ्या खुणा असतात : एक रोमनसाठी, एक देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. कृतीदेवचा मजकूर वर्डच्या लेखी इंग्रजी, म्हणून त्याला पहिली. नंतरच्या युनिकोड फायलींना दुसरी. दोन्ही बघाव्या लागतात, आकाराचंही तसंच.

माझ्यासोबत काम करणाऱ्या पोट्ट्याचं म्हणणं की अंदाज ९० टक्के बरोबर येत असेल तर अहवालात दाखवायचा कशाला. दाखवायचा. अंदाज करायला हरकत नाही, गुपचूप करायला आहे. प्रत्येक ओळखलेलं शीर्षक अहवालात मूळ ओळीसकट येतं. डोळ्यांखालून घालायला फार वेळ लागत नाही.

२९ एप्रिल

आज जे सापडलं त्यामुळे काही दिवस फक्त यावरच काम.

एका वेळापत्रकात एकाच ओळीत दोन रकाने आहेत. एकात झाडाचं वय, दुसऱ्यात औषधाची मात्रा. फाइलच्या आत दोन्हींत अक्षरशः तेच : एक, आडवी रेघ, पाच. छापील कागदावर मात्र पहिल्यात '१-५ वर्षे' आणि दुसऱ्यात '१.५ मिली'. कारण कृतीदेवमध्ये आडव्या रेघेच्या बटणावर टिंब आहे, आणि रेघ हवी असेल तर ती 'अँड'च्या चिन्हावर. वयाचा रकाना टाइम्स न्यू रोमनमध्ये, तिथं रेघ म्हणजे रेघ. मात्रेचा रकाना कृतीदेवमध्ये, तिथं रेघ म्हणजे दशांश चिन्ह.

फॉन्ट न बघता ही फाइल उतरवली असती तर पानावर आलं असतं : 'मात्रा १-५ मिली प्रति लिटर'. वाचणारा म्हणेल, एक ते पाच, चला, कीड जास्त दिसते तर पाच टाकू. तिपटीहून जास्त. मोडक्या अक्षरांची चूक निदान दिसते, वाचणारा थांबतो. ही चूक अगदी शुद्ध मराठीत, नीटनेटक्या तक्त्यात बसून राहते.

फॉन्ट समजला तर नियम सोपा आहे : टाइप करणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसत होतं ते खरं. पण काही फायली मधल्या काळात ईमेलने, दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममधून फिरून आल्यात आणि त्यांच्यात काही रकान्यांचा फॉन्ट पुसला गेलाय. अक्षरं असली तर मजकुरावरूनच ओळखता येतं की हे कृतीदेव आहे. नुसते आकडे असलेल्या रकान्यात ओळखायला काही उरतच नाही.

अशा रकान्याला 'उतारा' हात लावणार नाही आणि तो रकाना ज्या पानात आहे ते पान बनवणारही नाही. पोट्ट्याची सूचना होती की पान बनवू आणि त्या जागी प्रश्नचिन्ह टाकू. मात्रेच्या तक्त्यात प्रश्नचिन्ह दिसलं की माणूस शेजारच्या ओळीवरून अंदाज बांधतो. नको. गद्य मजकुरात अंदाज चालेल, अहवालात नोंद करून. आकड्यांच्या रकान्यात फॉन्ट ठाम नसेल आणि मध्ये रेघ किंवा टिंब असेल तर काम तिथंच थांबतं, प्रोग्राम २ हा परतीचा अंक (काम अडल्याची खूण) देतो आणि फाइलचं नाव 'माणसाने बघावं' या यादीत जातं. ती यादी छापील जुन्या पत्रकांशी ताडून बघायची. सुदैवाने गटाने छापील पत्रकं फायलींमध्ये लावून जपून ठेवलीत.

५ मे

तक्ते आता पँडॉककडे देतच नाही, स्वतः लिहितो.

कारण बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचा तक्ता. रकाने असे : प्रकार, मोरचूद, चुना, पाणी. फवारणीच्या एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. डिंक्या रोगासाठी खोडाला लावायच्या मलमाला १ किलो, १ किलो आणि फक्त १० लिटर. ताईंनी मोरचूद आणि चुना हे दोन रकाने जोडून मधात एकदाच 'प्रत्येकी १ किलो' लिहिलंय. कागदावर छान दिसतं. जोडलेल्या रकान्याची खूण हरवली की पुढचं सगळं एक घर डावीकडे सरकतं आणि चुना होतो १०० लिटर. हे हसण्यावारी नेता येतं म्हणून बरं. पण त्याच पद्धतीने दोन सारख्या एककांचे रकाने सरकले तर हसू येणार नाही, कळणारच नाही.

वर्डमध्ये आडव्या जोडणीला 'किती घरं व्यापली' हा आकडा असतो. उभ्या जोडणीत पहिल्या घराला 'इथून सुरू' अशी खूण आणि खालच्या घरांना 'पुढे चालू'. डोकुविकीत आडव्या जोडणीसाठी उभ्या रेघा लागून लिहायच्या, ||, आणि उभ्या जोडणीसाठी खालच्या घरात तीन विसर्गांसारखं :::. मथळ्याच्या घराला ^. घरात दोन परिच्छेद असतील तर ते एका ओळीत आणून मध्ये \\ टाकायचं, कारण डोकुविकीचा तक्ता घराच्या आत नवी ओळ सहन करत नाही.

मग एक हिशेब : प्रत्येक ओळीतल्या घरांची बेरीज सारखी आलीच पाहिजे. नाही आली तर पान नाही.

९ मे

शोध. 'शेतकऱ्यांना' शोधलं तर निम्मीच पानं येतात. पडद्यावर दोन्हीकडचा शब्द सारखा. आत एकीकडे 'ऱ' अधिक हलन्त, दुसरीकडे साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत आणि नेहमीचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही, त्यामुळे नियम आपला आपण लिहावा लागतो. आम्ही 'ऱ'वाली रीत ठेवली. 'ॲसिड'चंही तेच : काहींत 'अ'वर चंद्र चढवलेला, काहींत अखंड 'ॲ'. हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे आधीच्या फायलींत ते नसणारच. अखंड ठेवलं.

न दिसणारे जोडक सरसकट उडवून टाकायचा मोह होतो. करू नये. कोणीतरी मुद्दाम अर्धं अक्षर दाखवायला घातलेला असतो.

१४ मे

'आंबिया बहार फवारणीचे वेळापत्रक' हे पान जतन होताना त्रुटी. नाव फार लांब नाही तरी.

डोकुविकी मूळ मांडणीत फाइलचं नाव वेबपत्त्याच्या सांकेतिक रूपात ठेवतं. देवनागरीची एक खूण यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीत तीन बाइट, आणि सांकेतिक रूपात प्रत्येक बाइटला तीन अक्षरं, म्हणजे एका खुणेला नऊ. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. या नावात २७ खुणा, त्याचे २४३, जागा जोडणाऱ्या तीन रेघा, शेपटीची (.txt) चार अक्षरं : २५०. लिनक्सवर एका फाइलच्या नावाला २५५ ची मर्यादा. पान कसंबसं मावतं. पण जुनी आवृत्ती ठेवताना नावाला दहा आकडी वेळ आणि लांब शेपूट लागते, ते होतात २६४. तिथं फसतं. इंग्रजी नावं देणाऱ्याला हे आयुष्यात कधी दिसणार नाही.

मांडणीत फाइलनावाचा पर्याय यूटीएफ-८ केला की हेच नाव १०२ मध्ये बसतं. हा बदल पानं टाकण्याच्या आधी करायचा. नंतर केला तर जुनी पानं डोकुविकीला सापडत नाहीत. आज सगळी पुसून नव्याने उतरवली.

२० मे

चित्रं. बहुतेक फोटो आहेत, ते तसेच जातात. काही आकृत्या वर्डमध्येच काढलेल्या, त्या ब्राउझर दाखवत नाही. लिब्रेऑफिसकडून पीएनजी करून घेतल्या. ठिबकच्या नळ्यांची एक आकृती इतकी तुकड्यातुकड्यांची आहे की छापील कागदाचा फोटो काढून लावणं सोपं पडलं.

२७ मे

काटोलकडचे एक बागायतदार काका कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आले होते, परत जाताना कार्यालयात थांबले. त्यांच्याच मोबाइलवर पान उघडून दिलं. कोळशी रोगाची माहिती शोधून वाचली, खूश झाले. मग तक्ता उघडला. "हे समदं बरोबर हाय, पण पाहाले मोबाइल आडवा करा लागते. अन् आडवा केला का अक्षर बारीक होते. बागेत एका हातात पंपाची नळी राह्यते ना बाप्पा."

सहा-सात रकान्यांचा तक्ता मोबाइलवर चालत नाही, हे खरंच. 'उतरवा'ला एक पर्याय जोडला : चारपेक्षा जास्त रकाने असतील तर मूळ तक्ता खाली ठेवायचा आणि त्याच्या वर प्रत्येक ओळीचा छोटा उतारा द्यायचा, रकान्याचं नाव आणि त्यापुढे आकडा. पान लांब होतं, पण अंगठ्याने खाली सरकवता येतं.

जाता जाता काकांनी एका पानावरची तारीख चुकल्याचं दाखवलं. मूळ फाइलमध्येच चुकलेली. त्यांनी तिथल्या तिथं बदलली. गटाला विकी हवी होती ती यासाठीच.

पण त्यामुळे 'उतारा'समोर नवीन प्रश्न आला : आता तीच फाइल पुन्हा उतरवली तर काकांची दुरुस्ती पुसली जाईल.

२ जून

त्यावर तोडगा. उतरवताना मूळ फाइलचा आणि बनवलेल्या पानाचा असे दोन्ही ठसे (आशयावरून काढलेला, आशय बदलला की बदलणारा आकडा) एका नोंदवहीत ठेवतो. पुढच्या वेळी पानाचा ठसा जुळला नाही, म्हणजे माणसाचा हात लागला, तर ते पान सोडून द्यायचं आणि नवीन रूप शेजारी 'मसुदा' नावाच्या विभागात ठेवायचं. जबरदस्तीचा पर्याय मुद्दाम दिलेला नाही. पोट्टा म्हणाला, कधीतरी लागेल. लागेल तेव्हा पान हाताने पुसावं, तेवढा त्रास असू दे.

६ जून

पानं चढली. 'माणसाने बघावं' यादीतल्या फायलींचा गठ्ठा आणि जुनी छापील पत्रकं ताईंकडे दिली आहेत. त्या म्हणाल्या, दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा बघते, आणि त्याचे पैसे गटाकडून ठरवून घेतले. ज्या रकान्यांचा निकाल लागेल ते आकडे थेट विकीवर न टाकता मूळ डॉक्सएक्समध्ये युनिकोडमध्ये टाइप करायचे आणि फाइल पुन्हा उतरवायची, म्हणजे पुढे कोणी सगळं नव्याने उतरवलं तरी तोच घोळ पुन्हा होणार नाही.

राहिलेलं : काही इतिवृत्तं कृतीदेवमध्ये नाहीत, दुसऱ्याच एका जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्याचा तक्ता अजून नाही. 'तपासा' त्यांना 'अनोळखी फॉन्ट' म्हणून बाजूला काढतो. त्यात मात्रा-औषधं काही नाहीत, बैठकीला कोण आलं आणि चहा-फराळाचा खर्च किती झाला, एवढंच. पावसाळ्यात बघू.